परसातली करवंदाची जाळी: बी धरण्यापासून फळ तोडण्यापर्यंत

एप्रिल संपत आला की कसारा, माळशेज, आंबा या घाटांच्या वळणांवर, एसटी स्टँडबाहेर, रेल्वेच्या पुलांवर पानांच्या द्रोणांत करवंदं दिसू लागतात. ‘डोंगराची काळी मैना’ म्हणत ती विकली जातात, महिनाभर मिळतात आणि पहिल्या चांगल्या पावसाबरोबर संपतात. हे फळ डोंगरातच यायचं, घरी लावून काही उपयोग नाही, असा पुष्कळांचा समज आहे. पण करवंद परसात फळतं, बंगल्याच्या कुंपणाला फळतं आणि गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतही फळतं. जिथे फळत नाही तिथे बहुतेक वेळा त्याचे नको इतके लाड झालेले असतात. सावलीतली जागा, रोजचं पाणी, भरपूर खत आणि भलत्याच महिन्यात चालवलेली कात्री, यातलं काहीच त्याला मानवत नाही.

करवंद म्हणजे कॅरिसा कॅरंडास. कण्हेर, तगर, चाफा आणि सदाफुली यांच्याच कुळातलं हे झुडूप, त्यामुळे पान तोडलं किंवा फांदी कापली की पांढरा चीक येतो. सह्याद्रीत ते कुठे उगवतं ते एकदा नीट पाहा. मुरमाड उतार, कातळाच्या भेगा, जांभ्याचा माळ, गडांच्या वाटा. तिथे चार महिने धो धो पाऊस पडतो, पण पाणी मुळाशी थांबत नाही, उतारावरून निघून जातं. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे आणि उन्हाचे. त्याच कोरड्या काळात, जानेवारी ते मार्चमध्ये, करवंद फुलतं आणि मे महिन्यात पिकतं. घरच्या करवंदाची सगळी कामं या वेळापत्रकात बसवायची. इतकं जमलं तर बाकी फार काही करावं लागत नाही.

आज सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास ड्युरांटा लावतात. ते झुडूप मूळचं अमेरिकेतलं आणि त्याची दिसायला गोड अशी नारिंगी फळं विषारी. मुलं खेळतात त्या जागेभोवती हे लावायचं आणि आपल्या मातीतलं, खाण्याजोगं फळ देणारं, ढोरं आत न येऊ देणारं करवंद विसरायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्याकडे दहा फूट लांबीचं का होईना, मोकळं कुंपण आहे त्यांनी तरी यंदा करवंदाचा विचार करावा.

कोणतं रोप घ्यायचं

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रानकरवंदाचं बी. फळ लहान, काळं, चवीला गोड-आंबट आणि अस्सल. पण बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. एकाच जाळीच्या बियांतून एक झुडूप गोड फळांचं, दुसरं आंबटढाण, तिसरं नुसतंच काट्यांचं असं होऊ शकतं. लहानपणी करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळलेल्यांना हा फरक ठाऊक आहे. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. म्हणून बियांची रोपं लावायची तर एकावर थांबू नये, निदान तीन-चार लावावीत.

दुसरा मार्ग म्हणजे निवडक जातीचं कलम. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात महाराष्ट्रातल्या घरांसाठी माझी पहिली पसंती आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ या जातीही रोपवाटिकांत मिळतात. पहिल्या दोन पांढरट-गुलाबी फळाच्या, तिसरी हिरवट फळावर तपकिरी झाक असलेली. या फळांचा खरा उपयोग लोणचं, मुरांबा आणि पाकातल्या फळासाठी. बेकरीत केकवर लावलेली लाल ‘चेरी’ आपल्याकडे बहुतेकदा अशीच रंगवलेली, पाकात मुरवलेली करवंदं असतात. नुसतं झाडाखाली उभं राहून तोंडात टाकायचं असेल तर मात्र रानाच्या काळ्या करवंदाला तोड नाही.

रोपवाटिकेत एक घोटाळा नेहमी होतो. ‘मोठं करवंद’ म्हणून कॅरिसा मॅक्रोकार्पा हातात देतात. ती दक्षिण आफ्रिकेकडची जात, शोभेसाठी आणलेली. तिची पानं जाड आणि फार चकचकीत, फुलं मोठी, पांढरीशुभ्र, फळ लांबट आणि पिकल्यावर लालभडक. आपल्या करवंदाची फुलं लहान, झुपक्यांनी येणारी, पांढरी किंवा किंचित गुलाबी झाक असलेली, आणि रानातलं फळ पिकल्यावर काळं-जांभळं होतं. फूल किंवा फळ बघितल्याशिवाय रोप घेऊ नका, किंवा ओळखीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.

आणि रानातून रोप उपटून आणू नका. वनखात्याच्या जमिनीतून रोप काढणं बेकायदा आहे, हे तर झालंच. त्याशिवाय करवंदाचं सोटमूळ कातळात खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि आणलेलं रोप बहुधा जगत नाही. द्रोणभर करवंदं विकत घ्या. खायला फळ मिळतं, पेरायला बी मिळतं आणि उन्हातान्हात जाळ्या धुंडाळून ती आणणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायांच्या हातात चार पैसे पडतात.

बियांपासून रोप

करवंदाचं बी साठवून चालत नाही. वाळवून डब्यात ठेवलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर क्वचितच उगवतं. मे महिन्यात फळ खाल्लं की आठवड्याच्या आत बी मातीत गेलं पाहिजे.

द्रोणातली सगळ्यात काळी, मऊ, आपोआप देठ सुटलेली फळं बाजूला काढा. एक फळ चाखून बघा. गोड असेल त्याच ढिगातलं बी धरा. फळं भांड्यात घेऊन थोड्या पाण्यात बोटांनी कुस्करा. प्रत्येक फळातून तीन-चार चपट्या, तपकिरी बिया सुटतात, पण गर त्यांना घट्ट चिकटून असतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही. मूठभर चुलीची राख किंवा जाडसर वाळू घाला आणि बिया तळहातात चोळा. मग पाणी बदलत दोन-तीनदा धुवा. तरंगणाऱ्या बिया टाकून द्या, तळाशी बसलेल्या ठेवा. गर राहिला तर बुरशी धरते आणि मुंग्या लागतात, म्हणून इथे घाई करू नका. धुतलेल्या बिया एक दिवस सावलीत कागदावर पसरा. उन्हात मुळीच नको.

पिशव्या पाच बाय सात इंचांच्या किंवा त्याहून मोठ्या घ्या, कारण मूळ लवकर खाली जातं. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम असं मिश्रण भरा. पिशवीला खाली आणि बाजूला भोकं हवीतच. एका पिशवीत दोन बिया, बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीवर टाका. मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत ठेवा आणि झारीने, धार न सोडता, पाणी द्या.

उगवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दोन्ही उगवली तर अशक्त रोप कात्रीने कापा, उपटू नका, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं. जून-जुलैच्या झडीत रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. पिशव्या जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा म्हणजे पाणी निथळतं, आणि थेट पावसाखाली असतील तर वर शेडनेट ओढा. पहिल्या वर्षी वाढ अगदी सावकाश होते. वर्षाचं रोप फूटभर झालं तरी पुष्कळ. ते पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावायचं. बियांच्या झाडाला फळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी येतं.

आवडत्या जाळीची गुटी

ओळखीच्या कुणाच्या बांधावर गोड फळांची जाळी असेल तर बियांच्या नादी न लागता गुटी बांधावी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून ती वेगळी करावी. बी आईसारखं निघेल याची खात्री नसते, गुटी मात्र हुबेहूब तीच. फाटे कलमाचं, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत खोचून केलेल्या रोपाचं, यश करवंदात फार कमी, त्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

गुटीची वेळ जुलै ते ऑगस्ट. गेल्या वर्षीची, पेन्सिलीइतकी जाड, सरळ आणि निरोगी फांदी निवडा. आधी तिच्यावरचे वीतभर अंतरातले काटे आणि पानं कात्रीने काढा, म्हणजे हात मोकळा चालतो. मग धारदार चाकूने इंचभर अंतरावर दोन गोल काप घ्या आणि मधली साल पूर्ण सोलून काढा. लगेच पांढरा चीक वाहू लागेल. इथेच बहुतेकांची गुटी बिघडते. चीक तसाच ठेवून वर मॉस (सुकवलेलं शेवाळ) बांधलं तर तो कापावर सुकून पापुद्रा धरतो आणि मुळ्या फुटत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत पुसा. चीक थांबल्यावर चाकूच्या पात्याने उघडं लाकूड हलकेच खरवडा, म्हणजे सालीखालचा हिरवा-बुळबुळीत थर राहत नाही. तो राहिला तर साल पुन्हा जुळते.

वरच्या कापाच्या कडेला आयबीए असलेली मूळ फुटण्याची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर घेऊन भोवती गुंडाळा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घ्या आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधा. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरून मॉस कुजतं. दीड-दोन महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. त्या तपकिरी होऊ लागल्या की गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्या, आठवड्याने पूर्ण कापा. प्लॅस्टिक काढून, मॉस न सोडवता, पिशवीत लावा आणि निम्मी पानं छाटून महिनाभर सावलीत ठेवा. पाच-सहा गुट्या बांधल्या तर दोन-तीन नक्की हाती लागाव्यात, या हिशेबाने बांधा. गुटीचं किंवा कलमाचं झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फळ दाखवतं.

जागा आणि लागवड

दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. आंब्या-फणसाखाली करवंद जगतं, हिरवंगार दिसतं आणि फळत नाही. पायवाटेपासून, दारापासून आणि गाडी लावायच्या जागेपासून ते चार-पाच फूट लांब ठेवा. काटे सरळ, टणक आणि बहुधा दुहेरी असतात, टोक कातडीत मोडून राहतं. घरात रांगती मुलं असतील तर ती मोठी होईपर्यंत कुंपणापलीकडची बाजूच बरी.

माती हलकी असली तरी चालते, पाणी साचलेलं चालत नाही. खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. ते तासा-दोन तासांत जिरलं तर जागा योग्य. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं. तिथे खड्ड्यात न लावता फूट-दीड फूट उंचीचा उंचवटा करा, त्यात निम्मा मुरूम मिसळा आणि त्यावर रोप लावा. कोकणात जांभ्यावर उलट अडचण असते, खणायलाच जागा नसते. तिथे पहारीने शक्य तेवढी भेग मोकळी करून वरून दगडांचं आळं रचलं आणि माती भरली तरी मूळ आपली वाट शोधतं.

एरवी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. वरच्या थराची माती, दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा. पेंडीमुळे कोवळ्या मुळांना वाळवीचा उपद्रव कमी होतो. फळासाठी लावायचं तर दोन झुडपांत सहा ते आठ फूट, कुंपणासाठी तीन फूट अंतर. दोन-तीन पाऊस होऊन माती खोलवर भिजली की संध्याकाळच्या वेळी लावा. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे, आणि पुढे जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसताक्षणी काढायचे. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं ते खालचं रोप, हेही करवंदाचंच असतं, त्यामुळे फुटवा वेगळा ओळखू येत नाही आणि पाहता पाहता कलमावर कुरघोडी करतो.

कोवळ्या रोपाला शेळ्या तोंड लावतात. पहिली दोन वर्षं भोवती काट्यांचं लहानसं कुंपण करा.

कुंडीत

गच्चीवर लावायचं तर कलम किंवा गुटीचंच लावा. कुंडी निदान अठरा इंचांची, अर्धा ड्रम मिळाला तर उत्तमच. माती, शेणखत आणि विटांचे तुकडे किंवा मुरूम समप्रमाणात. कुंडी विटांवर ठेवा, खालची बशी काढून टाका. उन्हाळ्यात वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी, पावसाळ्यात बहुधा नाहीच. दर दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये झाड बाहेर काढून गुंडाळी झालेली बाहेरची मुळं कापा आणि नवी माती भरा. तीन-साडेतीन फुटांवर झाड आटोक्यात राहतं.

पाणी आणि खत

पहिले दोन उन्हाळे जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून एकदा, पण मुळापर्यंत पोचेल असं पाणी द्या. रोज तांब्याभर ओतण्याने मुळं वरच राहतात आणि झाड कायम तुमच्या तांब्यावर अवलंबून राहतं. बुडाशी वाळक्या पानांचं आच्छादन घाला, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका.

तिसऱ्या वर्षापासून पावसाळा संपला की पाणी बंद. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरपूर पाणी मिळालेलं झाड कोवळी पालवी काढत बसतं. फुलं आल्यावर आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, हलक्या जमिनीत दहा-पंधरा दिवसांनी एकेक पाणी दिलं तर फळ भरतं आणि कमी गळतं. ते दिलं नाही तरी झाड मरणार नाही.

खत वर्षातून एकदाच, जूनमध्ये. मोठ्या झुडपाला दोन-तीन घमेली शेणखत किंवा कंपोस्ट. युरिया नको. लांब, लुसलुशीत फांद्या आणि फळांचा पत्ता नाही, अशी तक्रार असेल तर खत दोन वर्षं पूर्ण थांबवून बघा.

छाटणी

घरच्या करवंदाचं फळ सगळ्यात जास्त इथे वाया जातं. करवंदाची फुलं नव्या फांद्यांच्या टोकांना झुपक्यांनी येतात. पावसाळ्यात फुटलेली फांदी हिवाळ्यात पक्की होते आणि तिच्याच टोकाला जानेवारी-फेब्रुवारीत कळ्या दिसतात. आता दिवाळीच्या साफसफाईत माळ्याने कुंपण ‘जरा नीट’ करायला घेतलं, की त्या सगळ्या टोकांवर कात्री फिरते. कुंपण सुबक दिसतं आणि मे महिन्यात एक करवंद मिळत नाही. नंतर फुटलेली पालवी त्या हंगामात फुलण्याइतकी पक्की होत नाही.

म्हणून छाटणी शेवटची फळं काढल्यावर लगेच करायची, मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा. त्यानंतर ऑक्टोबरपासून पुढच्या फळापर्यंत कात्री खोलीत ठेवून द्यायची. माळी येत असेल तर त्याला हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

लावल्यानंतर पहिल्या वर्षी शेंडा फूटभर उंचीवर खुडा. खालून चार-पाच फांद्या फुटतील, त्या पसरू द्या. दुसऱ्या जूनमध्ये त्यांचेही शेंडे एक तृतीयांश छाटा. फळावर आलेल्या झुडपाला मग दरवर्षी मोजकंच काम लागतं. वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढायच्या, मधोमध ऊन शिरेल इतकी मोकळीक करायची, बुडाशी फूटभर उंचीपर्यंतचे फाटे साफ करायचे. बूड साफ असलं की पालापाचोळा साठत नाही, उंदीर बिळं करत नाहीत आणि त्यांच्या मागे सापही येत नाही. जाळीत साप असतो ही भीती बऱ्याच घरांत करवंद लावू देत नाही, तिच्यावर हा साधा उपाय आहे.

कुंपण आणि फळ दोन्ही हवं असणाऱ्यांनी रस्त्याकडची बाजू सपाट छाटावी, आतली बाजू मोकळी वाढू द्यावी. फळ आतल्या बाजूला मिळतं.

छाटताना पूर्ण बाह्या, जाड कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. कापलेल्या कांट्या रस्त्यावर पडू देऊ नका. त्या वाळवून नव्या रोपांभोवती कुंपणाला घाला, गावाकडे वर्षानुवर्षं हेच करतात.

किडी आणि रोग

करवंदाला त्रास कमी. पावसाळ्यात कधी एक जाडजूड हिरवी अळी पानं फस्त करताना दिसते, डोक्यामागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली. कण्हेर आणि तगरीवरही तीच असते, आणि पुढे तिचा फार देखणा हिरवा पतंग होतो. मोठ्या झुडपावर तिला राहू द्यावं. रोप लहान असेल तर उचलून शेजारच्या कण्हेरीवर सोडा.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोरड्या हवेत येते, मागोमाग मुंग्या आणि पानांवर काजळी. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, पण फुलं असताना काहीही फवारू नका. त्या गोड वासाच्या फुलांवर दिवसा मधमाश्या आणि रात्री पतंग येतात, फळधारणेला त्यांचा हातभार लागतो. पानांवर काळे-तपकिरी डाग वाढून फांद्या शेंड्याकडून वाळत असतील तर वाळका भाग खाली हिरव्या लाकडापर्यंत कापा आणि पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी करा.

बुलबुल, कोकीळ आणि साळुंक्या पिकलेल्या करवंदांवर येणारच. जाळं टाकू नका, पक्षी त्यात अडकून मरतात. हात न पोचणाऱ्या वरच्या फांद्या त्यांच्यासाठी सोडा. खाली तुमच्यापुरतं उरतं.

तोडणी आणि लोणचं

लोणच्यासाठी फळ एप्रिलमध्ये, पूर्ण वाढलेलं पण हिरवं आणि टणक असताना तोडा. खाण्यासाठी काळं, मऊ आणि बोट लावताच सुटणारं. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दोन-तीन दिवसांआड फेरी मारावी लागते. पिकलेली फळं काढायला झुडपाखाली जुनी साडी पसरून फांदी काठीने हलकेच हलवा, काट्यांत हात घालावा लागत नाही. पूर्ण वाढलेलं चांगलं झुडूप तीन ते पाच किलो फळ देतं. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांवर टिकत नाही आणि पावसात भिजलं तर झाडावरच फुटून सडतं, म्हणून वळवाचे ढग दिसले की तयार फळ उतरवून घ्या.

कच्च्या करवंदाचा चीक हाताला आणि सुरीला चिकटतो. आधी दोन्हींना गोडं तेल लावा. अर्धा किलो करवंदं धुऊन, पुसून, उभी दोन भागांत कापा आणि सुरीच्या टोकाने बी काढून फोड लगेच मिठाच्या पाण्यात टाका. तासाभरात पाण्यावर चिकाचा पांढुरका तवंग येतो. ते पाणी ओता, फोडी स्वच्छ पाण्यातून काढून कपड्यावर पूर्ण कोरड्या करा. मग त्यांना पाऊण वाटी... असं अंदाजाने न सांगता वजनाने सांगते: ७५ ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरी-मेथी-हिंगाचा लोणचं मसाला आणि आवडत असेल तर लिंबाएवढा गूळ. १५० मिली तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून वर ओता. काचेच्या बरणीत भरा आणि चार-पाच दिवस रोज कोरड्या चमच्याने हलवा. आठवड्याने फोडी मुरतात. पिकलेल्या फळाचं सरबत किंवा जेली करायची तर ॲल्युमिनियम-लोखंडाचं भांडं नको, स्टीलचंच घ्या, फळ फार आंबट असतं. पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली वेगळं काही न घालता धरते.

जुनी झालेली जाळी

दहा-पंधरा वर्षांनी झुडूप मधून लाकडी होतं, पानं आणि फळं फक्त बाहेरच्या कडेला राहतात, आत वाळक्या कांट्यांचा गुंता. ते उपटून टाकू नका. करवंद बुडाशी कापलं तरी पुन्हा फुटतं. जूनच्या सुरुवातीला, चांगला पाऊस येण्याआधी, निम्म्या जाड फांद्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर करवतीने कापा. काप तिरका घ्या म्हणजे पाणी वर थांबत नाही, आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावा. उरलेल्या निम्म्या फांद्यांवर पुढच्या मे महिन्यात फळ मिळत राहील. कापलेल्या खोडांवर पावसाळ्यात फुटव्यांचा झुबका येतो, त्यातले प्रत्येक खोडाला तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे ऑगस्टच्या आत काढा. दुसऱ्या जूनमध्ये राहिलेल्या फांद्या त्याच पद्धतीने कापा. एकाही हंगामात जाळी पूर्ण रिकामी राहत नाही, आणि दोन-तीन वर्षांत सगळं झुडूप नव्या लाकडाचं होतं.